पावसाळ्यात ग्रास कटर बंद पडतंय? आधी पेट्रोलची कॅन बघा, मग मशीन उघडा

जुलैचा पहिला आठवडा उलटला की आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबाद, मुंगसरे, गिरणारे भागात सकाळी सातपासून कुठल्या ना कुठल्या द्राक्षबागेत ब्रश कटरची घरघर चालू असते. एप्रिलची खरड छाटणी होऊन वर पानांचा मांडव झालेला असतो आणि खाली गाजर गवत, केना, लव्हाळा, हराळी सगळं दोन पावसांत गुडघ्याला येतं. ट्रॅक्टर आत घालावा तर काळ्या रानात चाक रुततं, निंदायला माणूस मिळत नाही, तणनाशक मारायचं तर मुळ्यांची आणि पुढे माल निर्यातीला जाणार म्हणून रेसिड्यूची, म्हणजे मालात औषधाचा अंश उरण्याची धास्ती. मग उरतं हे गवत कापायचं मशीन, कोणी ग्रास कटर म्हणतं कोणी ब्रश कटर, आणि नेमकं त्याच पंधरा दिवसात ते चालू होत नाही. शहरात दुरुस्तीच्या दुकानात जा, रांगेत वीस मशीन पडलेली असतात आणि तुमचा नंबर आठ दिवसांनी.

माझ्याकडे दोन मशीन आहेत, एक टू-स्ट्रोक आणि एक फोर-स्ट्रोक. पहिलं घेतल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात ते बंद पडलं, मी दुकानात नेलं, त्यांनी कार्बोरेटर नवीन टाकला, दोन दिवस चाललं आणि परत तेच. शेवटी गावातल्या एका जुन्या फिटरकाकांकडे गेलो. त्यांनी मशीनला हात पण लावला नाही, म्हणाले, "कॅनमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ये." आणलं. बाटली उजेडात धरली तर खाली बोटभर वेगळाच थर, वर पेट्रोल. काका म्हणाले, "हे पाणी पितंय तुझं मशीन, कार्बोरेटर काय करील?" ते पेट्रोल मी दिवाळीच्या आधी भरून ठेवलेलं होतं. तेव्हापासून माझं आणि ओळखीतल्या कोणाचंही मशीन बंद पडलं की मी पान्याला नंतर हात लावतो, आधी ही बाटली. हा सगळा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, टाकीपासून सुरू करून खाली पात्यापर्यंत.

तुमचं मशीन कुठलं आहे ते आधी बघा

हे सांगायची गरज वाटत नाही पण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. इंजिनला खाली ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल, काडी असेल, तर ते फोर-स्ट्रोक. त्यात साधं पेट्रोल टाकीत आणि इंजिन ऑइल वेगळं. असं झाकण नसेल, पेट्रोलची एकच टाकी असेल, तर ते टू-स्ट्रोक, त्यात पेट्रोलमध्येच टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं खास ऑइल, मिसळावं लागतं, कारण आतल्या पिस्टनला आणि बेअरिंगला तेल मिळायचा दुसरा रस्ताच नाही. टू-स्ट्रोकमध्ये नुसतं पेट्रोल गेलं की काही मिनिटांत पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो आणि मग सिलिंडर, पिस्टन, रिंग असा खर्च. आमच्या शेजारच्या अण्णांचं मशीन असंच गेलं, कामाला आलेल्या पोराने मोटारसायकलसाठी ठेवलेल्या कॅनमधून भरलं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पोराची चूक नाही ती. म्हणून मिक्स पेट्रोलची कॅन वेगळ्या रंगाची ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात "मशीन - ऑइल घातलेलं" असं लिहा आणि साध्या पेट्रोलची कॅन शेतात ठेवूच नका. टूटी ऑइलला बहुतेक वेळा निळा किंवा हिरवा रंग असतो, त्यामुळे मिक्स केलेलं पेट्रोल वेगळं दिसतं. टाकीत ओतायच्या आधी एकदा रंग बघायची सवय मजुरांना पण लावा.

पेट्रोल आणि ऑइलचं गणित

मशीनच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर प्रमाण लिहिलेलं असतं. ५०:१ असेल तर १ लिटरला २० मिली ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, आणि २५:१ असेल तर ४० मिली. बऱ्याच स्वस्तातल्या ५२ सीसीच्या मशीनवर २५:१ लिहिलेलं असतं, चांगल्या कंपनीच्या मशीनला त्यांचं ऑइल वापरलं तर ५०:१ चालतं. दुसऱ्याच्या मशीनचं प्रमाण आपल्याला लावू नका. आणि "थोडं जास्त ऑइल घातलं तर मशीनला चांगलंच" असं पण नाही, जास्त ऑइलने प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी बुजते, धूर होतो आणि पुढे जे जे बिघाड सांगणार आहे त्यातले निम्मे तिथूनच चालू होतात.

बाटलीच्या बुचाने मोजणं बंद करा. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका, बास. ५ लिटरच्या कॅनला ५०:१ ने १०० मिली म्हणजे सिरिंज पाच वेळा. कॅनमध्ये आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवा, आणि दर वेळी टाकीत भरायच्या आधी पण कॅन हलवा. ऑइल घेताना एअर कूल्ड इंजिनचं टू-स्ट्रोक ऑइल घ्या, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी असं लिहिलेलं असतं, त्यात एफडी जास्त स्वच्छ जळतं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये अजिबात घालू नका, ते जळायसाठी बनवलेलंच नसतं.

आता पेट्रोल. पंपावर आता जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ई-२० म्हणतात ते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. नाशिकच्या पावसाळ्यात, त्यात तुम्ही त्र्यंबक-इगतपुरीकडचे असाल तर बघायलाच नको, अर्धवट भरलेली कॅन शेडमध्ये महिनाभर पडली की त्यात पाणी जमत जातं आणि एका मर्यादेच्या पुढे पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. मशीनच्या टाकीत पेट्रोल ओढायचा पाइप आणि फिल्टर तळालाच पडलेला असतो, म्हणजे इंजिन पहिल्यांदा ओढतं तो हाच खालचा थर. त्यात टूटी ऑइल पण नीट राहत नाही. म्हणून मशीन चालू होत नाही, आणि झालं तरी तेलाविना चालतं, जे जास्त वाईट. शिवाय जुन्या मशीनचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधले पडदे इथेनॉलने कडक होतात, फुगतात, चिरतात. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं आहे, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा आणि जुनं मशीन असेल तर पाइप दर वर्षी दाबून, वाकवून बघा.

यावर माझा उपाय साधा आहे, आठवड्याला लागेल तेवढंच मिक्स करायचं. महिन्याच्या वरचं मिक्स मशीनमध्ये घालायचं नाही. कॅन गच्च झाकणाची, उन्हात नाही, पावसात नाही, आणि टाकीत ओतताना बारीक जाळीचं नरसाळं.

चालू करायची पद्धत

निम्मी मशीन चुकीच्या पद्धतीने चालू करताना ओव्हर होतात, म्हणजे आत पेट्रोल जास्त जातं, आणि मग माणूस म्हणतो मशीन खराब झालं. थंड मशीन असेल तर स्विच चालू आहे का बघा (हसू नका, पाठीवर अडकवताना स्विच बंद होतो, मी स्वतः वीस मिनिटं दोरी ओढलेली माणसं बघितलीत), मग कार्बोरेटरखालचा तो छोटा पारदर्शक फुगा सहा-सात वेळा दाबा, फुग्यात पेट्रोल भरलेलं दिसलं पाहिजे. चोक लावा, मशीन जमिनीवर टेकवा, पातं किंवा दोरी कशाला लागत नाही ना बघा, आणि दोरी थोडी ओढून जिथे जड लागते तिथून झटका द्या. तीन-चार झटक्यांत एकदा "फट" असा आवाज येतो. इथेच चूक होते. तो आवाज आला की चोक काढायचा, आणि मग एक-दोन झटक्यांत मशीन चालू. आवाज ऐकूनही चोक तसाच ठेवून ओढत राहिलं की प्लग भिजतो. गरम मशीनला चोक लागत नाही.

ओव्हर झालं असेल तर प्लग काढा, स्विच बंद ठेवा, चोक उघडा, अ‍ॅक्सलेटर पूर्ण दाबून आठ-दहा वेळा दोरी ओढा, आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं, तोंड बाजूला ठेवा. प्लग फडक्याने पुसून, उन्हात किंवा वाऱ्यावर कोरडा करून परत लावा. लायटरने किंवा गॅसवर प्लग भाजायची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती पेट्रोल सांडलेल्या मशीनशेजारी करू नका.

चालूच होत नाही तेव्हा काय आधी, काय नंतर

बाटलीतलं पेट्रोल बघितलं, ठीक आहे, पद्धत पण बरोबर, तरी चालू होत नाही. आता प्लग. काढून रंग बघा. चहाच्या रंगाचा, कोरडा असेल तर इंजिनचं पोट बरोबर आहे. काळा आणि ओला, तेलकट असेल तर पेट्रोल जातंय पण जळत नाही, म्हणजे एकतर स्पार्क नाही, किंवा ऑइल जास्त, किंवा एअर फिल्टर बुजलाय. बऱ्याच वेळा ओढूनही प्लग अगदी कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही. आणि पांढरट, भाजल्यासारखा असेल तर मशीन कोरडं चालतंय, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, ते तसंच चालवलं तर पिस्टन जाईल, थांबा.

स्पार्क बघायचा तर प्लग टोपीत घाला, प्लगचा लोखंडी भाग सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढा. निळी, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे, सावलीत बघा, उन्हात दिसत नाही. नसेल तर आधी नवा प्लग लावून बघा, प्लग काही महाग वस्तू नाही, एक जादा कायम डब्यात ठेवा. बऱ्याच मशीनला प्लगचा गॅप ०.५ ते ०.७ मिमीच्या मधे असतो, नेमका आकडा पुस्तकात. नव्या प्लगनेही ठिणगी नसेल तर कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) बदलायच्या आधी एक गोष्ट करा जी दुकानात कोणी सांगत नाही, स्विचपासून इंजिनपर्यंत जी वायर दांड्यावरून येते ती इंजिनपाशी सोडवा आणि परत बघा. ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, वायर कुठेतरी घासून दांड्याला टेकलीय किंवा स्विच ओलाव्याने खराब झालाय. मग मशीन बंद कसं करायचं तर चोक ओढून, पण ते तेवढ्यापुरतं, वायर नीट करूनच वापरा. वायर काढूनही ठिणगी नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर बघा, ते साधारण ०.३ मिमी असतं, व्हिजिटिंग कार्ड सरकवून सेट करता येतं. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसा. त्यानंतर कॉइल.

प्लग कोरडा असेल तर टाकीतला फिल्टर. वाकवलेल्या तारेच्या हुकने पाइपसकट बाहेर ओढा. मूळ पांढरा असतो, तो तपकिरी, चिकट झाला असेल तर बदला, धुऊन वापरू नका. पाइपला चीर गेली असेल तर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते. फुगा दाबून परत पटकन फुगत नसेल किंवा त्याला तडा असेल तर तोही बदला.

आणि दोरी ओढताना अगदी हलकी, रिकामी लागली तर कॉम्प्रेशन गेलंय का बघायचं. टू-स्ट्रोक असेल तर सायलेन्सर काढा, भोकातून पिस्टन दिसतो, त्याला उभे ओरखडे असतील तर काम मोठं आहे, कार्बोरेटर बदलून काहीही होणार नाही. हे बघायला दहा मिनिटं लागतात आणि मोठा खर्च करायच्या आधी ती दहा मिनिटं द्या.

चालू होतं पण बंद पडतं, किंवा रेस घेत नाही

हे जास्त डोकं खाणारं आहे. पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि मग हळूहळू दम तोडतं, थोडं थांबलं की परत चालू होतं. असं होत असेल तर पुढच्या वेळी बंद पडताना टाकीचं झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा "स्स" आवाज आला आणि मशीन सावरलं, तर टाकीला श्वास घ्यायचं भोक बुजलंय. झाकणावर किंवा टाकीच्या वेगळ्या छोट्या पाइपवर ते असतं, आपल्या काळ्या मातीचा चिखल सुकून ते बंद होतं. पेट्रोलने धुवा, बास. याच दुखण्यावर कार्बोरेटर बदलून आलेली मशीन मी बघितलीत.

दुसरं, मशीन स्लोवर चालतं पण अ‍ॅक्सलेटर दाबला की गुदमरतं, पूर्ण रेस येतच नाही. एअर फिल्टर काढून एक मिनिट, फक्त तपासायला, चालवून बघा. फरक पडला तर फिल्टर. नाही पडला तर सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची बारीक जाळी असते, ती काढून बघा. टू-स्ट्रोकला ऑइलच्या काजळीने ती पूर्ण लिंपून जाते, इंजिनला धूर बाहेर टाकायला जागाच राहत नाही. तारेच्या ब्रशने घासून साफ होते. जाळी काढून फेकून देऊ नका, उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात आग लागायला एक ठिणगी पुरते. सायलेन्सर काढलाच आहे तर सिलिंडरच्या भोकाशी जमलेला कार्बन पण लाकडी काडीने खरवडा, पिस्टन वर घेऊन भोक झाकलेलं ठेवा म्हणजे कचरा आत पडत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालू नका तिथे.

हे सगळं झालं आणि तरी ढिम्म, तरच कार्बोरेटर. बहुतेक टू-स्ट्रोक मशीनला पडद्याचा कार्बोरेटर असतो, कसाही आडवा-तिडवा धरला तरी पेट्रोल मिळावं म्हणून. उघडलं की एका बाजूला पातळ रबरी पडदा दिसतो, तो मऊ पाहिजे, कागदासारखा कडक वाजत असेल तर पेट्रोल ओढलंच जाणार नाही. पडदे आणि पॅकिंगची किट वेगळी मिळते, पूर्ण कार्बोरेटर घ्यायची गरज नसते. उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, कारण पडदा आधी की पॅकिंग आधी हे लावताना हमखास विसरतं आणि उलटं लागलं की परत सगळं खोलावं लागतं. आतली छिद्रं कार्ब क्लीनर स्प्रेने उडवा, चष्मा घालून, तार घालू नका, छिद्र मोठं झालं की संपलं.

कार्बोरेटरवर एल आणि एच अशी अक्षरं असलेले दोन स्क्रू असतात, एल स्लोसाठी, एच फुल रेससाठी, आणि तिसरा स्लो स्पीडचा. कंटाळून हे फिरवत बसायचं नाही. गोंधळ झालाच असेल तर एल आणि एच हलक्या हाताने बंद करून पुस्तकात सांगितलेले फेरे उघडा, साधारण एक ते दीड फेरा असतो. एच कमी उघडला की मशीन तारस्वरात ओरडतं, जोरदार वाटतं, आणि तसंच पिस्टन भाजतं. फुल रेसला रिकामं असताना आवाज किंचित जाड, भरडा आणि गवतात घातल्यावर स्वच्छ झाला तर बरोबर.

अ‍ॅक्सलेटर सोडल्यावर पण पातं फिरत राहतंय? स्लो स्पीडचा स्क्रू थोडा कमी करा. तरी फिरतंय तर क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा ताणलेली असते. हे उद्यावर ढकलू नका, मशीन खांद्यावर असताना फिरणारं पातं म्हणजे पाय गेला. उलट, इंजिन पळतंय आणि पातं फिरत नाही, तर क्लचचे बूट झिजलेत किंवा दांड्याच्या आतल्या शाफ्टचे दाते गेलेत.

एअर फिल्टर आणि गिअर

स्पंजचा फिल्टर दर दोन दिवसांनी, धुळीच्या दिवसात रोज, साबणाच्या पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही तर दाबायचा, पूर्ण वाळवायचा. फोर-स्ट्रोकला बहुतेक वेळा दोन थेंब इंजिन ऑइल लावून दाबून घ्यायला सांगतात. कागदी असेल तर झटका, हवा मारा, पाणी नाही. फाटका फिल्टर लावण्यापेक्षा त्या दिवशी काम बंद ठेवलेलं बरं.

दांड्याच्या खालच्या टोकाला, पात्याच्या वर असलेलं गिअर हेड लोक विसरतात. तिथे एक बोल्ट असतो, तो काढून दर २०-२५ तास कामानंतर लिथियम ग्रीस, ईपी-२ चालतं, ट्यूबने भरायचं, पातं हाताने फिरवत फिरवत. अगदी ठासून भरू नका, गरम होऊन सील फोडून बाहेर येतं. काम थांबवल्यावर गिअर हेडवर हात ठेवून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जातंय. शाफ्टजवळ गुंडाळलेलं गवत रोज काढा, हराळीचे दोर सीलमध्ये घुसून ग्रीस बाहेर ओढतात.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी एवढंच, ऑइल रोज काडीवर बघा, मशीन सपाट ठेवून. होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनमध्ये, जे आपल्याकडे बरंच दिसतं, जेमतेम १०० मिली ऑइल असतं, म्हणजे थोडं कमी झालं तरी मोठी गोष्ट. पहिल्या १० तासांनी बदला, नंतर दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. १०डब्ल्यू-३० ऑइल. आणि जास्त भरू नका, जास्तीचं ऑइल एअर फिल्टरमध्ये येतं आणि पांढरा धूर निघतो, माणूस घाबरतो की रिंग गेल्या.

दोरी, पातं आणि द्राक्षाचं खोड

नायलॉन दोरी २.४ मिमी साध्या गवताला, ३ मिमी जाड गवताला, पण मशीन लहान असेल तर जाड दोरीने क्लच जळतो. गुंडाळताना स्पूलवरच्या बाणाच्या दिशेनेच, दोन्ही बाजू वेगळ्या, वळ एकमेकांवर चढू न देता. काठोकाठ भरू नका. गरमीने आतल्या आत दोरी चिकटते आणि ठोकलं तरी बाहेर येत नाही, त्यावर उपाय म्हणजे उन्हाळ्यात कडक झालेली दोरी वापरायच्या आधी एक-दोन दिवस पाण्यात भिजत ठेवा. नायलॉन पाणी पितं आणि परत लवचिक होतं, तुटणं एकदम कमी होतं.

गार्ड काढून चालवायची पद्धत बंद करा. गार्डवर दोरी कापायची छोटी पट्टी असते. ती नसली की दोरी लांब होते, लांब दोरीने जास्त गवत कापलं जातंय असं वाटतं पण इंजिनवर लोड येतो, रेस पडते, क्लच घसरून तापतो. आणि दगड थेट नडगीवर.

हेड किंवा पातं खोलताना लक्षात ठेवा, नट उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. गिअर हेडच्या भोकात अ‍ॅलन की घालून शाफ्ट अडवा. जोर लावून नेहमीसारखं डावीकडे फिरवत बसलं की आटे जातात.

द्राक्षबागेत खोडाजवळ पातं नकोच, आणि दोरीसुद्धा वीतभर लांब ठेवा. दोरीने खोडाची साल गोल निघाली तर वेल हळूहळू बसतो, आणि ते दोन महिन्यांनी कळतं. ठिबकच्या लॅटरल नळ्या आधी तारेवर उचलून बांधा किंवा एका बाजूला ओढा, नाहीतर गवत कापायला एक तास आणि जॉइनर लावायला दोन. बांधावरच्या गाजर गवताला, एरंडाला, बाभळीच्या फुटव्यांना लोखंडी पातं चालेल. पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडे झोका देत कापा, कापलेलं गवत डावीकडे पडत जातं. पात्याच्या पुढच्या-उजव्या भागाने, घड्याळात १२ ते ३ जिथे असतात तिथे, जाड खोडाला किंवा मांडवाच्या लोखंडी अँगलला टेकवू नका, मशीन झटक्याने अंगावर येतं. तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नका, कधीच. मशीन एकदम थरथरायला लागलं की लगेच बंद, आधी पातं बघा.

डोळ्याला जाळीचा नको, काचेसारखा पूर्ण चष्मा, गमबूट, कानात बोळे, फुल पँट. आजूबाजूला १५ मीटरच्या आत कोणी नको, खास करून बांधावर पाणी घेऊन येणारी मुलं. मागून हाक मारलेली ऐकू येत नाही, म्हणून घरच्यांना सांगून ठेवा की समोर येऊन लांबून हात करायचा.

ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास मशीन ठेवून देताना

सप्टेंबरअखेर छाटणीच्या आधी बाग एकदा साफ करून झाली की मशीनला बऱ्याचदा कित्येक महिने सुट्टी असते, आणि पुढच्या पावसाळ्याचा बिघाड याच सुट्टीत तयार होतो. टाकी पूर्ण रिकामी करा, फुगा दाबून उरलेलं पण काढा, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालवा म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. प्लग काढून भोकात टूटी ऑइलचे चार-पाच थेंब, दोरी हळू दोन-तीन वेळा ओढा, प्लग परत लावा. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल बदलूनच ठेवा आणि भोकात त्याच इंजिन ऑइलचे थेंब घाला. पातं साफ करून तेलाचा हात. उंदीर पेट्रोलचे पाइप कुरतडतात म्हणून शेडमध्ये जमिनीवर न ठेवता भिंतीला आडवं टांगा.

आणि सायलेन्सरच्या भोकात कापडाचा बोळा घाला. कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, माझ्या फोर-स्ट्रोकमध्ये एका जूनमध्ये बोटभर लांब मातीची नळी निघाली होती आणि मी दोन दिवस कार्बोरेटरमध्ये बिघाड शोधत होतो. बोळा लाल कापडाचा घ्या आणि त्याची शेपटी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे जूनमध्ये दोरी ओढायच्या आधी तो दिसेल.